गिटार न वाजवणारा गिटारवाला

स्टील गिटारसाठी ड्रीम ॲम्प शोधता शोधता लिओ फेंडर भेटला. संत्र्याच्या बागेतला मुलगा, हिशेबाचं शिक्षण, गेलेले जॉब आणि 600 डॉलरचं कर्ज. पुढचं सगळं रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात घडलं...

तर झालं असं की, माझ्या मावसभावाला ॲम्प घ्यायचाय.

म्हणजे तो गेली दोन वर्षं घेतोच आहे. मोबाईलच्या वॉलपेपरला ॲम्प, रात्री झोपताना ॲम्पचे व्हिडिओ, जेवताना ॲम्पच्या गप्पा. मावशीचं म्हणणं, एवढ्या पैशांत नवीन फ्रीज आला असता. ती चुकीचं बोलत नाही, पण हे तिला सांगायची सोय नाही आणि त्याला तर अजिबातच नाही.

हा भाऊ स्टील गिटार वाजवतो. गिटार म्हटलं की आपल्याला पट्टा गळ्यात अडकवून उभा राहिलेला पोरगा आठवतो. हा मात्र पेटीवाल्या बुवांसारखा बसतो. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात गुळगुळीत पोलादी दांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. पडद्यांवर बोट दाबायचंच नाही, दांडी तारांवरून सरकवत न्यायची. त्यामुळे जी मींड निघते ना, ती साध्या गिटारवर निघतच नाही. आपल्या गाण्याला हे वाद्य इतकं का मानवलं त्याचं कारण हेच. लखनौहून मुंबईत आलेल्या व्हॅन शिपलेंनी इलेक्ट्रिक गिटारवर सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी काढल्या. ब्रिजभूषण काब्रांनी तर थेट राग वाजवले. 1967 च्या कॉल ऑफ द व्हॅलीमध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला जी गिटार आहे, ती काब्रांची.

भावाची गिटार मूळची आजोबांची. आजोबा लालबागला राहून गिरणीत पाळी करायचे आणि संध्याकाळी हवाईन गिटारच्या क्लासला जायचे. गणपतीला गावी येताना ट्रंकेवर गिटार बांधून यायचे. ती गिटार आता रत्नागिरीत आहे. तारांना खाऱ्या हवेचा गंज चढतो, बाकी ठणठणीत.

गिटार आहे, ॲम्प नाही. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात तो साउंडवाल्याच्या मिक्सरला वायर लावतो आणि जे नशिबात असेल ते ऐकतो. गेल्या गणपतीत एका मांडवात त्याने एक संथ गाणं धरलं. त्याच्या मते आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवलं. पण आवाज असा फाटला की पुढच्या रांगेतल्या काकांना वाटलं माइकच शिट्टी मारतोय. त्यांनी उठून साउंडवाल्याला तो माइक बंद करायला सांगितला. साउंडवाल्याने केलासुद्धा.

त्या रात्रीनंतर तो महिनाभर वाजवायला गेला नाही.

मग मला काम लागलं. तू पत्रकार होणार ना, मग शोध, स्टील गिटारला कुठला ॲम्प चांगला. मी शोधायला बसले. शंभर ठिकाणी शंभर मतं होती, पण फिरून फिरून एकच नाव समोर यायचं, फेंडर. मला वाटलं कंपनीचं नाव असेल. कंपनीचंच आहे. पण त्याआधी ते एका माणसाचं होतं, आणि त्या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. सूरात लावतासुद्धा येत नव्हती.

बागायतदाराचा मुलगा

क्लॅरेन्स लिओनिडस फेंडर 10 ऑगस्ट 1909 ला कॅलिफोर्नियात जन्मला. ऑरेंज काउंटी नावाच्या जिल्ह्यात, फुलर्टन गावाजवळ. नावाप्रमाणे तिथे संत्र्याच्या बागा, आणि फेंडर घराण्याचीही बाग होती. आपल्याकडे कसं, बापाची कलमं म्हटली की मुलानेही फवारणी, राखण, पेट्या भरणं हेच करायचं, असं धरूनच चालतात. तिथे वेगळं असेल असं मला वाटत नाही.

आठव्या वर्षी लिओच्या एका डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला. पुढचं सगळं आयुष्य काचेचा डोळा.

तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या मामाने त्याला एक खोका पाठवला. मामाचं सांता मारिया गावात मोटारींच्या वायरिंगचं दुकान होतं. खोक्यात रेडिओचे जुने सुटे भाग आणि एक बॅटरी. पुढच्या वर्षी लिओ मामाकडे गेला तेव्हा दुकानाबाहेर एक स्पीकर लावलेला होता, मामाने स्वतः जोडलेल्या रेडिओचा. गाणी रस्त्यावर ऐकू जात होती. तो मोठा आवाज पोराच्या कानात बसला तो कायमचाच. शाळेत असतानाच घरच्या घरी तो लोकांचे रेडिओ दुरुस्त करू लागला.

एवढी आवड म्हटल्यावर तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला असेल, नाही? नाही. 1928 ला शाळा संपली आणि त्याने ज्युनिअर कॉलेजात अकाउंटिंग घेतलं. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही वर्ग त्याने कधी केला नाही. पियानो थोडा शिकला होता, सॅक्सोफोन हाताळला होता. गिटार नाहीच.

शिक्षणानंतर एका बर्फ कंपनीत आधी माल पोचवायचं काम, मग तिथेच हिशेबनीस. त्याच दिवसांत एका बँडवाल्याने त्याच्याकडून नाचाच्या कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकरचे सेट करून घेतले, सहा सेट. 1934 ला एस्थरशी लग्न झालं. मग सरकारी रस्ते खात्यात हिशेबाची नोकरी लागली. महामंदीचा काळ होता, ती गेली. मग टायर कंपनीत लागला. सहा महिन्यांत त्यांनी हिशेब विभागच कमी केला, तीही गेली.

इथे मी वाचता वाचता थांबले होते. माझ्या वर्गातले निम्मे लोक सध्या या पानावर आहेत.

1938 ला लिओ 28 वर्षांचा होता. त्याने 600 डॉलर कर्ज काढलं, बायकोला घेऊन फुलर्टनला परत आला आणि फेंडर रेडिओ सर्व्हिस नावाची पाटी लावली. रेडिओ, ग्रामोफोन, ॲम्प, जे येईल ते दुरुस्त. लाउडस्पीकर भाड्याने. आपल्याकडे मारुती मंदिरापासून खाली उतरताना टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं एखादं दुकान असतं ना, आत सोल्डरचा वास, बाहेर उघडी पडलेली यंत्रं, तसलं काहीतरी डोळ्यासमोर आणा.

आधी मांडीवरची, मग गळ्यातली

आता एक गोष्ट, जी मला माहीतच नव्हती. पहिली इलेक्ट्रिक गिटार म्हणजे कुणा रॉकस्टारची असेल असं आपण धरून चालतो. बाजारात विकायला आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी घ्यायची स्टील गिटार होती! रिकनबॅकर कंपनीची, 1932 च्या आसपासची. गोल चकती आणि लांब दांडा, म्हणून तिला सगळे तवाच म्हणायचे, फ्राइंग पॅन.

असं का? तर हवाई बेटांवर जोसेफ केकुकूने ही वाजवण्याची पद्धत रूढ केली. 1915 ला सॅन फ्रान्सिस्कोत मोठं प्रदर्शन भरलं, तिथे हवाईचे वादक आले, आणि सगळ्या अमेरिकेला या वाद्याचं वेड लागलं. बँड मोठे होत गेले. ड्रम, ट्रम्पेट, सॅक्सोफोन यांच्या गदारोळात मांडीवरच्या लाकडी गिटारचा आवाज जायचा कुठे? म्हणून आधी हिलाच वीज लागली. ॲम्पची गरज जगात सगळ्यात आधी माझ्या भावाच्या वाद्याला पडली होती, हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने फक्त मान हलवली. जणू हे सगळ्यांना माहीतच असायला हवं होतं.

लिओच्या दुकानात येणारे वादक बहुतेक याच जातीचे. कंट्री आणि वेस्टर्न स्विंग वाजवणारे, बूट-टोपीवाले, शनिवारी रात्री डान्स हॉलमध्ये स्टील गिटार घेऊन बसणारे. लिओला स्वतःला हेच संगीत आवडायचं. ते ॲम्प दुरुस्तीला आणायचे आणि गाऱ्हाणी सांगायचे. आवाज फाटतो. स्पीकर जळला. गाडीतून नेताना वायर सुटली. लिओ एकीकडे दुरुस्त करायचा आणि दुसरीकडे दुसऱ्या कंपन्यांचे ॲम्प नेमके कुठे मार खातात हे बघून ठेवायचा.

अशातच डॉक कॉफमन भेटला. स्वतः स्टील गिटार वाजवणारा, आधी रिकनबॅकरसाठी काम केलेला, डोक्याने पक्का संशोधक. एका डोळ्यामुळे लिओला युद्धात जावं लागलं नव्हतं. दोघांनी मिळून 1945 ला के अँड एफ नावाची कंपनी काढली. मांडीवरची स्टील गिटार आणि तिच्याबरोबर छोटा ॲम्प, असा जोडीचा माल. 1946 च्या सुरुवातीला डॉक बाजूला झाला. धंदा वाढवायचा म्हणजे कर्ज वाढणार, आणि त्याला ती जोखीम नको होती. भांडण वगैरे काही नाही, दोघे पुढेही मित्र राहिले. मला डॉकचं वाईट वाटतं, पण त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

लिओ थांबला नाही. त्याच वर्षी त्याने लाकडी पेटीतले ॲम्प काढले: प्रिन्स्टन, डिलक्स, प्रोफेशनल. मग पेटीला कापड आलं, प्रवासी बॅगांना लावतात तसलं जाड विणीचं, पिवळट. का? तर ॲम्प गाडीच्या डिकीत आपटतो, ओरखडे पडतात. आणि आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या जागी ते दाखवणारा. म्हणजे हजार मैलांवरच्या गावातला रेडिओवालाही तो उघडून दुरुस्त करू शकेल. हे फक्त दुरुस्तीवाल्यालाच सुचतं.

फाटू नये म्हणजे काय?

इथे जरा टेक्निकल होतं, पण भावाच्या मांडवातली भानगड समजून घ्यायची तर हे हवंच.

तार हलली की खालच्या पिकअपमधल्या लोहचुंबक आणि गुंडाळीत अगदी बारीकसा विजेचा प्रवाह तयार होतो. ॲम्प तो मोठा करून स्पीकरला देतो. प्रत्येक ॲम्पची एक मर्यादा असते. तिच्या पलीकडे गेलात की लाटेचा वरचा भाग छाटला जातो, आणि मूळ सुरात नसलेले भलतेच सूर त्यात मिसळतात. आवाज फाटणं म्हणजे हेच.

रॉकवाल्यांना हे फाटणं आवडतं. ते मुद्दाम फाडतात. पण स्टील गिटारवाला एका दांडीने दोन-तीन तारा एकदम सरकवत असतो. त्यात फाटकेपणा मिसळला की त्या तारा एकमेकींत अडकून नुसता कालवा होतो.

शिवाय पायाखाली व्हॉल्यूम पेडल असतं. सूर छेडताना पेडल अर्धंच ठेवायचं, आणि सूर विरायला लागला की हळूहळू दाबत जायचं. त्यामुळे सूर लांबतो, गळ्यातून आल्यासारखा. पण हे करायला ॲम्पमध्ये भरपूर जागा शिल्लक लागते. आधीच काठोकाठ भरलेल्या कळशीत आणखी पाणी ओतता येत नाही, तसं.

लिओने या वादकांसाठी आयुष्यभर हीच जागा वाढवत नेली. मोठे ट्रान्सफॉर्मर, जास्त व्हॉल्व्ह, दणकट स्पीकर. 1952 ला त्याने ट्विन नावाचा ॲम्प आणला. त्यात 12 इंची दोन स्पीकर, म्हणून ट्विन. सुरुवातीला ताकद साधारण 25 वॅट. दशक संपता संपता तीच पेटी 80 वॅटच्या घरात गेली.

आणि हे तो टेबलावर बसून ठरवत नव्हता. गिटार येत नसल्यामुळे त्याला दुसऱ्याच्या हातावर आणि दुसऱ्याच्या कानावर विश्वास ठेवावाच लागायचा. कच्चा नमुना तयार झाला की तो वादकाच्या हातात द्यायचा आणि रात्री क्लबात वाजवायला सांगायचा. स्वतः जाऊन ऐकायचा. परत आणायचा, उघडायचा, बदलायचा, परत द्यायचा. त्याला गिटार आली असती तर त्याने स्वतःला आवडेल तसा ॲम्प केला असता आणि विषय संपला असता, असं मला राहून राहून वाटतं. भावाला हे पटत नाही. त्याच्या मते गिटार आली असती तर आणखी चांगला केला असता. आमचा यावर वाद चालू आहे.

1953 ला त्याच्याकडे फ्रेडी टावारेस आला. हवाईचा, उत्तम स्टील गिटारवादक. लूनी ट्यून्स कार्टून सुरू होताना तो घसरत वर जाणारा स्टील गिटारचा आवाज येतो ना, बग्ज बनी दिसायच्या आधी, तो फ्रेडीच्या हातचा. म्हणजे आपण सगळ्यांनी त्याला लहानपणी ऐकलंय. आता लिओच्या कारखान्यातच एक पक्का कान येऊन बसला. पुढच्या वर्षी जी स्ट्रॅटोकास्टर गिटार निघाली, तिचा आकार फ्रेडीने कागदावर काढलेला. त्याआधी टेलिकास्टर, प्रिसिजन बास हे सगळं झालेलं होतंच. जगभरचे गिटारवाले लिओला ओळखतात ते या गिटारींमुळे, आणि त्यावर शेकड्याने पानं लिहिली गेलीत, म्हणून मी इथे पुढे जाते.

एक गंमत मात्र सांगायला हवी. लिओ आवाज फाटू नये म्हणून झटत होता आणि रॉकची पोरं त्याचेच ॲम्प फाटेपर्यंत नॉब फिरवत होती. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातल्या लोकांनी लिओचा बासमन ॲम्प उघडून पाहिला आणि 1962 ला त्यावरून स्वतःचा केला. तो पहिला मार्शल. म्हणजे हेवी मेटलचा पणजोबासुद्धा फुलर्टनचाच.

डिक डेल नावाच्या पठ्ठ्याने तर हद्द केली. डावखुरा, गिटार उलटी धरायचा, हॉलमध्ये हजारो पोरं नाचणार आणि हा इतका जोरात वाजवणार की ॲम्प जळायचे, स्पीकर फाटायचे. लिओ त्याला नवीन द्यायचा, तोही जळायचा. शेवटी लिओ आणि फ्रेडी स्वतः त्या हॉलमध्ये जाऊन उभे राहिले तेव्हा कळलं, पोरगा खोटं बोलत नाहीये. त्यातून शोमन ॲम्प आला, 15 इंची भक्कम स्पीकरचा. गंमत म्हणजे मोठा स्पीकर स्टील गिटारवाल्यांच्याही पथ्यावर पडला. आजही पेडल स्टीलवाले 15 इंचीचा हट्ट धरतात, खर्ज भरीव लागतो आणि वरचे सूर टोचत नाहीत म्हणून.

1963 ला ट्विन रिव्हर्ब आला. 85 वॅट, 12 इंची दोन स्पीकर, आणि आत स्प्रिंगांची एक छोटी पेटी. आवाज स्प्रिंगमधून फिरवला की मोठ्या देवळाच्या सभामंडपात वाजवल्यासारखा घुमतो. माझ्या भावाच्या वॉलपेपरवर आहे तो हाच.

मरणाच्या भीतीने केलेला सौदा

1950 च्या दशकाच्या मध्यापासून लिओला सायनसचं इन्फेक्शन सतावत होतं. कुठल्याच औषधाने ते हटेना. दहा वर्षं अशी गेल्यावर त्याची खात्री झाली की आपण काही जगत नाही. मूलबाळ नव्हतं. कारखाना प्रचंड वाढलेला, शेकडो माणसांची रोजीरोटी त्यावर. मग विकायचं ठरलं. जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या बड्या कंपनीने फेंडर 1 कोटी 30 लाख डॉलरला घेतली. तेव्हाच्या 4 रुपये 76 पैशांच्या भावाने सहा कोटी रुपयांच्या वर. 600 डॉलरच्या कर्जापासून इथपर्यंत 27 वर्षं.

सौदा झाला. त्यानंतर लिओने डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरने अँटिबायोटिकचा जबरदस्त डोस दिला.

आणि तो बरा झाला.

ठणठणीत, खिशात पैसा, आणि स्वतःचंच नाव आता दुसऱ्याच्या मालकीचं. करारात अटही होती की दहा वर्षं या धंद्यात स्वतःची कंपनी काढायची नाही. मी हे भावाला वाचून दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदाच गप्प बसला. नंतर विचारलं त्याने, आधीच दुसऱ्या डॉक्टरला का नाही दाखवलं? आता याला मी काय उत्तर देणार.

नव्या मालकांनी लगेच ट्रान्झिस्टरचे ॲम्प काढले. स्वस्त पडतात, हलके असतात, व्हॉल्व्हसारखे तापत नाहीत. पण घाईत केलेले. लिओचा जुना कारखाना-मॅनेजर फॉरेस्ट व्हाइटने त्या मालाला मान्यता द्यायला नकार दिला आणि नोकरी सोडली. ते ॲम्प चाललेच नाहीत, काही वर्षांत बंद पडले. आपलं नाव लावलेला तो माल बघून लिओला काय वाटलं असेल याचा मी अंदाजच करू शकते.

दहा वर्षांची मुदत सरल्यावर तो 1975 ला म्युझिक मॅन कंपनीचा अध्यक्ष झाला. ही कंपनी फॉरेस्ट व्हाइट आणि टॉम वॉकर यांनी सुरू केली होती, आणि लिओचे पैसे त्यात आधीपासून होते. तिथल्या ॲम्पमध्ये पुढचा भाग ट्रान्झिस्टरचा आणि मागे ताकदीला व्हॉल्व्ह, असा संकर होता. 1979 ला एस्थर गेली, कर्करोगाने. 45 वर्षांचा संसार. पुढच्या वर्षी त्याने फिलिसशी लग्न केलं. त्याच सुमारास जुना सहकारी जॉर्ज फुलर्टनबरोबर जी अँड एल ही नवी कंपनी सुरू केली, फुलर्टनमध्येच. कारखाना ज्या रस्त्यावर होता त्याचं नाव फेंडर ॲव्हेन्यू. स्वतःचं नाव पाटीवर लावता येत नाही, पण रस्त्यावर मात्र आहे!

म्हातारपणी पार्किन्सनने गाठलं. हात थरथरायचे. तरी तो रोज कामाच्या टेबलाशी यायचा. 20 मार्च 1991 लाही आला होता. 21 मार्चला गेला, 81 व्या वर्षी. त्याची ती खोली जी अँड एलने जशीच्या तशी ठेवली.

मग ॲम्प कुठला?

लिओची गोष्ट संपली, पण भावाचा प्रश्न तसाच. म्हणून मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो.

ट्विन रिव्हर्ब घ्यायचा तर पहिली अडचण वजनाची. 29 किलोच्या आसपास. भरलेला गॅस सिलिंडर भरतो साधारण तेवढा. स्कूटरवर पायाशी ठेवून पावसात रात्री दोन वाजता कार्यक्रमाहून परत येणं, विचार करा.

दुसरं, अमेरिकेतला ओळखीचा कुणी जुना ॲम्प स्वस्तात आणून देतोय असं झालं, तर तो 110-120 व्होल्टचा असतो. आपल्या 230 च्या प्लगला थेट लावलात की संपलं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, म्हणजे आणखी वजन. आणि आपल्याकडची लाईट कशी येते-जाते ते मी रत्नागिरीकरांना सांगायला नको.

तिसरं, 85 वॅटचा ॲम्प 40 वॅटच्या दुप्पट जोरात वाजत नाही, फरक कानाला थोडाच कळतो. जास्तीचे वॅट घ्यायचे ते जोरासाठी कमी, आणि ती कळशीतली रिकामी जागा मिळावी म्हणून जास्त.

चौथी गोष्ट मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटली. ट्रान्झिस्टरचा ॲम्प म्हटलं की गिटारवाले नाक मुरडतात, कारण तो फाटताना कर्कश फाटतो. पण स्टील गिटारवाल्याला मुळात फाडायचंच नाहीये! म्हणूनच 1970 च्या दशकात पीव्ही कंपनीने 15 इंची स्पीकरचा सेशन 400 काढला तेव्हा पेडल स्टीलवाल्यांनी व्हॉल्व्हचा हट्ट सोडून तो उचलला, आणि पुढे त्याच कंपनीचा नॅशव्हिल 400 तर त्यांचा ठरलेलाच ॲम्प झाला. घाईत केलेला ट्रान्झिस्टर वाईट, ट्रान्झिस्टर वाईट नव्हे.

हे वाचल्यावर आम्ही एक उद्योग केला. आमच्या आळीत एकजण भजनी मंडळात कीबोर्ड वाजवतो. त्याच्याकडे 15 इंची स्पीकरचा, साधा ट्रान्झिस्टरचा कीबोर्ड ॲम्प आहे, जुना, एक चाक तुटलेला. एका दुपारी गिटार घेऊन त्याच्याकडे गेलो. भावाने आवाज अर्ध्यावर ठेवला, मधल्या सुरांचा नॉब बराच उतरवला, खालचा थोडा चढवला. मग तेच गणपतीतलं गाणं धरलं.

फाटलं नाही. सभामंडपासारखं घुमलंही नाही, कोरडंच वाजलं. पण वरच्या षड्जावरून तो खाली आला ना, तेव्हा प्रत्येक तार वेगळी ऐकू आली. कीबोर्डवाल्याची आई पोळ्या लाटत होती, ती हातात लाटणं घेऊन दारात येऊन उभी राहिली.

भावाने वॉलपेपर काढलेला नाही. तो म्हणतो तसा ॲम्प आयुष्यात एकदा तरी स्वतः वाजवून बघायचा, मग काय ते ठरवू. म्हणून शनिवारी रात्रीच्या गाडीने आम्ही मुंबईला चाललोय. तिथल्या दुकानात ट्विन मिळाला तर ट्विन, नाहीतर 15 इंची जे असेल ते, आजोबांचीच गिटार लावून ऐकायचं. मावशीने डबा द्यायचं कबूल केलंय. फ्रीजचा विषय मात्र अजून चालू आहे.